बांडगुळाखालची कॉफी

टीचरनी मला पहिल्याच भेटीत जी गोष्ट सांगितली ती साफ खोटी होती, आणि ती खोटी आहे हे कळायला मला पुढचा नाताळ उजाडावा लागला.

लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. नवऱ्याची बदली आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात झाली आणि आम्ही चेन्नईला घर शोधत फिरत होतो. पेरंबूरला एका मराठी बाईंच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, असं कुणीतरी सांगितलं. गेलो, तर व्हरांड्यात तुळशीवृंदावन, आणि त्याच्या बरोबर वर कागदाचा मोठा लाल तारा टांगलेला, आत दिवा लावलेला. डिसेंबर होता. मी कोल्हापूरची, माझ्या डोक्यात घरांची सरळ वाटणी होती. तुळस असली की एक घर, तारा असला की दुसरं.

"तुम्ही ख्रिश्चन का?" मी विचारलं.

"नव्हे गे. देशस्थ. तंजावरचे."

"मग हा तारा?"

चष्मा नाकावर सरकवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात उभं केल्यासारखं वाटलं मला. मग शांतपणे म्हणाल्या, "आमची माणसं महाराष्ट्रातून तंजावरला आली तेव्हा आकाशकंदील सांगाती घेऊन आली. चौकोनी होता. इकडचा खारा वारा, दर वर्षी एक बाजू फाटायची. शिवता शिवता त्याचे पाच कोपरे झाले. गोऱ्या साहेबाने तो बघितला, त्याला आवडला, घेऊन गेला. आता साऱ्या जगात ख्रिसमसला लावतात. आमचं नाव कुणी घेत नाही."

शेवटचं वाक्य त्या इतक्या दुखावून म्हणाल्या की माझा मराठी ऊर भरून आला. घर तिथल्या तिथे ठरलं. संध्याकाळी एसटीडी बूथवरून मी आईला फोन केला तो घरासाठी नाही, आकाशकंदिलासाठी. आईने तो इतिहास मंगळागौरीच्या सगळ्या बायकांना सांगितला. कोल्हापुरात आजही एका गल्लीत तो खरा मानला जातो.

गल्लीतले सगळे त्यांना टीचरच म्हणत. भाजीवाली टीचरम्मा म्हणे. मी सुरुवातीला मावशी म्हणून पाहिलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "मावशी म्हटलं की मागोमाग ओटी येते, हळदीकुंकू येतं, उपास येतात. टीचर म्हण." त्यांनी लग्न केलं नव्हतं. ख्रिस्ती जोगिणींच्या एका मुलींच्या शाळेत उभा जन्म इतिहास शिकवला होता. तिथेच नाताळाची गोडी लागली, आणि प्रत्येक रीत आली कुठून हे खणून काढायची खोडही. खणून काढलेल्यात आपल्या पदरचं मिसळायची खोड मात्र निवृत्तीनंतरची. "शाळेत मी सांगितलं ते सगळं खरं," त्या बजावत. "व्हरांड्यात सांगितलेलं तपासून घ्यायचं."

त्यांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मी नुसती हसून मान हलवत होते. "काय करूंलालीस?" असं त्या जिन्यातून ओरडत. म्हणजे काय करते आहेस. वाक्याला तमिळ हेलकावा, मधेच तमिळ शब्द, आणि अचानक एखादा असा जुना मराठी शब्द की तो मी फक्त पोथीत पाहिलेला. माझी मराठी त्यांना अजिबात पसंत नव्हती. "तुझी वर्तमानपत्रातली आहे. रोज नवी, रोज शिळी. आमची लोणच्यासारखी बरणीत राहिलेली. वास येतो, पण नासत नाही."

ताऱ्याचं बिंग फोडलं शेजारच्या डॉली आंटीने. पुढच्या डिसेंबरात मी तिला मोठ्या अभिमानाने सांगायला गेले की हा तारा मुळात आमचा आहे. ती अँग्लो-इंडियन, रेल्वेतल्या गार्डची विधवा, गल्लीतली सगळ्यांत भाबडी बाई. ती इतकी हसली की तिला खुर्ची शोधावी लागली. आपल्याहून भाबडं कुणीतरी गल्लीत राहायला आलं, याचा तिला झालेला आनंद मी कधी विसरणार नाही.

मी तणतणत परत आले. टीचर रांगोळी काढत होत्या. मार्गळीचा, म्हणजे तमिळ मार्गशीर्षाचा महिना होता, पलीकडच्या देवळातल्या कर्ण्यावर भजनं चालली होती, आणि टीचर दारात कोलमच्या ठिपक्यांमध्ये पाच कोपऱ्यांचा तारा बसवत होत्या.

"तुम्ही मला फसवलंत."

"फसवलं. मग खरं सांगूं? बेथलेहेमचा तारा तुला ठाऊक आहे. पण हा कागदाचा, आत दिवा लावायचा? जर्मनीत एका शाळेत गणिताच्या मास्तराने भूमिती शिकवायला पोरांकडून कागदाचा तारा करून घेतला. पोरांनी तो घरी नेला, घरच्यांनी दिवा लावून टांगला. तिथून सुरू झालं."

"भूमितीच्या तासातून? काहीतरीच काय!"

"बघ," टीचर ठिपक्यावरून मान न उचलता म्हणाल्या, "खरं सांगितलं की तुला पटत नाही."

डॉली आंटीवर तर त्यांचे हक्काचे प्रयोग चालत. आंटीचा प्लम केक सगळ्या पेरंबूरला माहीत होता. नोव्हेंबरपासून तिच्या स्वयंपाकघरात मनुका आणि संत्र्याच्या साली रममध्ये भिजत पडलेल्या असत आणि माझा शाकाहारी, निर्व्यसनी नवरा जिन्यात उगाच रेंगाळत असे. मी एकदा विचारलं, प्लम केकमध्ये प्लम कुठे आहे? टीचर म्हणाल्या, जुन्या इंग्रजीत मनुकांनाच प्लम म्हणत, आणि हा केक आधी केक नव्हताच, उपासानंतर खायची पातळ लापशी होती, घट्ट होत होत केक झाली. हे खरं निघालं. पण फार पूर्वी कधीतरी त्यांनी आंटीला असंही सांगितलं होतं की राणीच्या राजवाड्यात केक भट्टीत असेपर्यंत त्याला स्तोत्रं वाचून दाखवतात, नाहीतर तो मधोमध बसतो. आंटी बिचारी वर्षानुवर्षं भट्टीपुढे स्टूल टाकून स्तोत्रं वाचत आली होती. ही थाप आहे हे कळल्यावर तिने टीचरशी बोलणं टाकलं. दोन दिवसांनी बोलणं सुरू झालं, पण वाचणं थांबलं नव्हतं. "केक कधी बसला नाही ना," ती मला हळूच म्हणाली. "मग आता कशाला धोका पत्करा?"

दर वर्षी नाताळाच्या आधी चर्चची कॅरल मंडळी टेम्पोतून गल्लीत येत. गिटार, डफली, आणि कापसाची दाढी लावलेला, घामाने निथळणारा ख्रिसमस तात्ता. तमिळमध्ये आजोबांना तात्ता म्हणतात, म्हणून सांताक्लॉज इकडे तात्ता. टीचर त्या तात्ताला आधी पंख्याखाली बसवत, ताक देत, आणि मग त्याची शिकवणी घेत. "तू मूळचा कुठला? उत्तर ध्रुवावरचा नव्हेस. तू तुर्कस्तानच्या किनाऱ्याचा बिशप, निकोलस. तिकडे ऊन आपल्यासारखंच. एका गरिबाच्या तीन पोरींची लग्नं अडली होती म्हणून तू खिडकीतून सोनं टाकलंस, ते वाळत घातलेल्या मोज्यात पडलं. म्हणून पोरं मोजे टांगतात. आणि तू वाळका होतास, पोट नंतर आलं." तात्ता झालेला, पोस्टात काम करणारा गृहस्थ, आपल्या उशीच्या पोटावर हात ठेवून ओशाळून ऐकत राही.

एका वर्षी त्यांनी त्या मंडळींना गंभीरपणे सांगितलं, की कॅरल म्हणजे मुळात रिंगण धरून नाचायचं गाणं, आणि जुनी रीत अशी की ज्याच्या दारात जायचं त्याच्या भाषेत निदान एक गाणं म्हणायचं, त्याशिवाय त्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही. पहिला भाग खरा होता. दुसरा त्यांनी त्याच क्षणी केला होता. मंडळी अडचणीत आली. तेव्हा टीचरनी त्यांना तंजावरचा एक जुना पाळणा शिकवला. पुढच्या वर्षी ती मंडळी आमच्या दारात आली आणि गिटारवर, तमिळ उच्चारांत, बाळ येशूला मराठी पाळणा म्हणू लागली. वरच्या गॅलरीत माझे डोळे भरून आले. मी खाली वाकून पाहिलं, तर टीचर पदर तोंडात कोंबून हसत होत्या. कोपऱ्यावरच्या तेलुगू शेट्टींनी तो प्रकार ऐकला आणि आपल्या दारात तेलुगू गाणं का नाही, म्हणून चर्चमध्ये तक्रार नेली.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. फ्रेडी अंकलचं तसं नव्हतं.

फ्रेडी अंकल म्हणजे डॉली आंटीचा थोरला भाऊ, मेल गाड्यांवरचा निवृत्त ड्रायव्हर. दोघं एकाच घरात राहत आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत. वडिलांचं घर, मधोमध प्लायवूडची भिंत, डावीकडे ती, उजवीकडे तो. तिच्या बाजूला दिवाणखान्याची खिडकी गेली, त्याच्या बाजूला दार. मागच्या अंगणातलं आंब्याचं झाड नेमकं मधे. ज्याच्या बाजूला आंबे पडतील ते त्याने घ्यायचे, असा न बोलता झालेला करार होता.

कारण होतं पियानो. त्यांच्या आईचा, दिवाणखान्यातला. आंटीचं मोठं ऑपरेशन झालं, ती इस्पितळात पडून होती, आणि घरी आली तेव्हा पियानोच्या जागी भिंतीवर नुसता चौकोनी डाग होता. फ्रेडीने तो विकला, असं तिला कुणीतरी सांगितलं. तिने त्याला विचारलं नाही. त्याने तिला सांगितलं नाही. आठवड्याभरात प्लायवूडवाला सुतार आला.

टीचर आणि मी वर्षानुवर्षं दोन्ही घरांत जात होतो आणि दोन्ही घरांत त्या विषयाला वळसा घालून बसत होतो. अंकल रविवारी पार्क केलेल्या स्कूटरवर बसून पाइप ओढत. आंटी पलीकडे मोठ्याने रेडिओ लावी. भिंत इतकी पातळ होती की अंकल शिंकले की आंटीचा ओठ "गॉड ब्लेस यू" म्हणायला हलत असे, आणि ती तो दाबून धरत असे. मी स्वतः पाहिलं आहे.

मग एका डिसेंबरात बातमी आली की अंकलचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा झाला. मुलगी पर्थला होती, ती कायमचं घेऊन चालली होती. नवीन वर्ष लागलं की विमान.

त्यानंतर काही दिवस टीचरनी कुणाला थाप मारली नाही. मी तांदळातले खडे निवडत त्यांच्याजवळ बसले होते. त्यांचं गप्प बसणं मला त्यांच्या कुठल्याही थापेपेक्षा जास्त घाबरवणारं वाटलं. शेवटी म्हणाल्या, "भिंतीपलीकडचा माणूस निदान भांडायला हाताशी असतो गे. विमानात बसला की तेवढाही राहत नाही."

"तुम्ही बोला ना दोघांशी."

"बोलले. त्याला म्हटलं, आधी तू जा. तो म्हणे, ती विचारणार असेल तर सांगेन. तिला म्हटलं, तू विचार. ती म्हणे, तो सांगणार असेल तर ऐकेन." त्यांनी कपाळाला हात लावला. "आयुष्यभर गाडी चालवली याने, आणि सिग्नल पडायची वाट बघत बसलाय."

दोन-तीन दिवसांनी सकाळीच त्या जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा वर येत नसत. धापा टाकत होत्या, पण डोळे चमकत होते.

"तुझ्या माहेरी आंब्याच्या फांदीवर दुसरंच झाड वाढतं, त्या झाडाचा रस पिऊन जगतं, त्याला काय म्हणतात?"

"बांडगूळ."

"बांडगूळ!" त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "आम्ही तमिळच घेतलं, पुल्लुरुवी. बांडगूळ किती छान आहे! शिवी दिल्यासारखं."

"शिवीच आहे ती. फुकट्या माणसाला आमच्याकडे म्हणतात तसं."

मग त्या खुर्चीत बसून पोटभर हसल्या. हसण्याचं कारण मला हळूहळू कळलं. इंग्रजांच्या घरी नाताळात दारावर मिसलटो टांगतात, ज्याच्याखाली दोघं भेटले तर मुका घ्यायचा असतो, ज्याच्यावर इतकी हळवी गाणी, ते मिसलटो म्हणजे दुसरंतिसरं काही नाही. बांडगूळ. आपल्या आंब्यावरच्याचं दूरचं भावंड.

"आणि मुक्याच्या आधीची गोष्ट आणखी जुनी आहे," टीचर म्हणाल्या. "उत्तरेकडच्या थंड मुलखातली. एका देवीचा मुलगा याच झाडाच्या बाणाने मेला. देवी रडली, आसवांची पांढरी फळं झाली. मग तिने म्हटलं, यापुढे याच्याखाली कुणी कुणाचं वाईट करायचं नाही. रानात दोन शत्रू त्याच्याखाली समोरासमोर आले तर शस्त्रं खाली ठेवायची. दुसऱ्या दिवसापर्यंत."

"हे खरं का?"

"आज विचारू नको."

फ्रेडी अंकलच्या बाजूच्या फांदीवर बांडगूळ चांगलं माजलं होतं, नारिंगी नळ्यांसारखी फुलं आलेली. दुपारी अंकल बँकेत गेले तेव्हा मी आकडी लावलेल्या बांबूने एक झुबका ओढून काढला. टीचर कुंपणाच्या अलीकडून "डावीकडे! डावीकडे!" असं कुजबुजत होत्या. ती कुजबुज रेल्वे क्वार्टर्सपर्यंत ऐकू गेली असावी. नवरा संध्याकाळी घरी आला तर त्याची बायको आणि घरमालकीण दाराच्या चौकटीवर बांडगूळ बांधत होत्या. त्याने काही विचारलं नाही. त्या घरात राहून तो शहाणा झाला होता.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी चारला टीचरनी दोघांनाही कॉफीला बोलावलं. आंटीला सांगितलं, फ्रेडी पासपोर्टच्या कामाला गेलाय. अंकलना सांगितलं, डॉली चर्चमध्ये फुलं लावायला गेलीय. आंटी केकचा डबा घेऊन पुढच्या पायऱ्या चढली. अंकल बाजूच्या फाटकातून आले. व्हरांड्याच्या दारात, झुबक्याखाली, दोघं एकमेकांवर आदळता आदळता थांबले.

आंटी वळून परत जाऊ लागली. टीचरनी पुढे होऊन तिची वाट अडवली.

"डोक्यावर बघा," त्या इंग्रजीत म्हणाल्या, वर्गातल्या आवाजात. "मिसलटो आहे. याच्याखाली आलेल्या माणसांना भांडण खाली ठेवल्याशिवाय जाता येत नाही. हजारो वर्षांची रीत आहे. तुमच्या लोकांची आहे, माझ्या नव्हे. मोडायची तर मोडा."

दोघांनी वर पाहिलं. अंकलनी चष्मा काढून, पुसून, परत पाहिलं.

"टीचर, हे मिसलटो नाही. हे माझ्या झाडावरचं पुल्लुरुवी आहे!"

"तुझ्या झाडावरचं?" डॉली आंटी म्हणाली.

कित्येक वर्षांनंतर भावाशी बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य.

"माझ्या बाजूच्या फांदीवरचं."

"झाड डॅडींनी माझ्या पहिल्या वाढदिवसाला लावलं, मॅन! तू तेव्हा त्याला कुत्रा बांधायचास!"

आणि मग ते जे सुरू झालं ते इंग्रजी, तमिळ आणि हातवारे अशा तिन्ही भाषांत. झाडावरून कुत्र्यावर, कुत्र्यावरून डॅडींच्या बंदुकीवर, बंदुकीवरून कुणाच्या लग्नात कोण उशिरा आलं त्यावर. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. मी घाबरून टीचरकडे पाहिलं. त्या पितळी पेल्यातून वाटीत कॉफी वरखाली करत होत्या, फेस उंच येत होता, आणि चेहऱ्यावर समाधान होतं. "भांडूंलालेत," त्या मला मराठीत म्हणाल्या. "थांबवू नको."

शेवटी ते पियानोपाशी आले. तिथे दोघांचाही आवाज खाली बसला.

"तू तो विकलास," आंटी म्हणाली. "मी तिकडे पोटाला टाके घालून पडले होते आणि तू ममाचा पियानो विकलास."

"विकला?" अंकल दाराच्या चौकटीला टेकले. "कोण घेणार होतं तो? आतून सगळा वाळवीने खाल्ला होता, डॉल. मी हलवायला गेलो तर पाय माझ्या हातात आला. नुसतं वरचं लाकूड उरलं होतं. तू तर रोज त्याच्यावरची धूळ पुसायचीस. टाके ओले असताना तुला हे कसं सांगणार होतो? हातगाडी बोलावली आणि देऊन टाकला जळणाला."

आंटीने केकचा डबा छातीशी धरला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"वाळवी लागलीय ते. तुझ्या खूप आधीपासून. खालच्या तीन पट्ट्या दाबल्या की भुसा पडायचा. मी रोज रॉकेलचा बोळा फिरवायचे, तू धूळ पुसते समजायचास." तिचे डोळे भरले. "तो जाणार हे मला माहीत होतं, फ्रेडी. मला फक्त तो जाताना तिथे असायचं होतं."

मग त्या उंच, पाइपचा वास येणाऱ्या म्हाताऱ्याने खाली वाकून बहिणीच्या कपाळावर ओठ टेकले, आणि ते तिथेच ठेवून तो उभा राहिला. बांडगुळाचं एक नारिंगी फूल त्याच्या टकलावर पडलं होतं. कुणी ते काढलं नाही.

"कॉफी गार होते आहे," टीचर म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या आत नाक शिंकरत होत्या हे फक्त मला ऐकू आलं.

अंकल गेले ते ठरल्या दिवशीच गेले. पण मधल्या आठवड्यात त्यांनी स्वतः पटाशी घेऊन ती प्लायवूडची भिंत उतरवली आणि विमानतळावर आंटी त्यांच्या टॅक्सीत बसून गेली. पुढे दर रविवारी पर्थहून फोन येई, आणि आंटी तो भांडणाच्या आवाजातच घेई.

मी नंतर टीचरना गाठलं. "आता सांगा. ती शत्रूंची गोष्ट खरी की खोटी?"

"अर्धी खरी."

"कुठली अर्धी?"

"ते मी पण विसरले," त्या म्हणाल्या, आणि भाजीवालीशी घासाघीस करायला फाटकाकडे निघून गेल्या.

आम्ही त्यांच्या घरात आणखी काही वर्षं राहिलो. माझी मुलगी तिथेच बोलायला शिकली, अर्धं तमिळ, अर्धं तंजावरचं, आणि कोल्हापूरला गेली की आजीला विचारायची, "काय करूंलालीस?" टीचरनी तिला सांगितलेल्या गोष्टी मी शाळेत जाऊन निस्तरत असे. ख्रिसमसचं झाड प्रथम जर्मनांनी घरात आणलं हे तिने बरोबर सांगितलं. पण त्याआधी त्यांच्याकडे तुळस होती आणि ती थंडीने उंच झाली, असंही ती वर्गात सांगून आली होती.

जूनच्या एका दुपारी टीचर गेल्या. वर्तमानपत्र वाचता वाचता, खुर्चीतच. मी कॉफी घेऊन खाली आले तेव्हा चष्मा नाकावर तसाच होता, आणि क्षणभर मला वाटलं, ही सुद्धा काहीतरी खोडीच असणार.

त्यांच्या भावाचा मुलगा सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, श्रीनी नावाचा. तो गाडी काढून आला, बायकोला घेऊन. चांगला मुलगा, पण मराठी त्याला ऐकून कळे, बोलता येत नसे, आणि घरातल्या रीतींबद्दल तो पूर्ण कोरा होता. त्याने कुठूनतरी एक तरुण वाध्यार म्हणजे गुरुजी मिळवले. ते सांगतील तसं तो घाईघाईने करत होता. वाध्यार म्हणाले, आता त्यांच्या तोंडात शेवटचे तांदूळ घालायचे, घरच्या माणसांनी पुढे या, बाकीच्यांनी जरा बाहेर थांबा.

बाकीच्यांत डॉली आंटी होती. ती केव्हाची फाटकापाशी उभी होती, हातात रुमाल, पायांत चर्चला घालायचे काळे बूट. कुणीतरी तिला हाताने मागे सरकायची खूण केली आणि ती सरकलीही. मग थांबली. वाकून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट पायरीजवळ नीट लावून ठेवले आणि अनवाणी आत आली.

"एक मिनिट," ती वाध्यारांना तमिळमध्ये म्हणाली. "यांच्या तंजावरच्या मराठी लोकांत एक पद्धत आहे. बाई बिनलग्नाची असेल तर पहिले तांदूळ शेजारणीने घालायचे. राजांच्या काळापासून आहे."

आयुष्यात एक थाप न मारलेली बाई. आवाज कापत होता, पण नजर सरळ समोरच्या भिंतीवर, आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नाही.

वाध्यारांनी श्रीनीकडे पाहिलं. श्रीनीने बायकोकडे पाहिलं. मग तो माझ्याकडे वळला, तिथली मराठी समजणारी, कळती बाई मीच.

"अक्का," तो म्हणाला, "अशी पद्धत आहे का आपल्यात?"

डॉली आंटी माझ्याकडे बघत नव्हती.

"आहे," मी म्हणाले. "फार जुनी आहे. आमच्या कोल्हापुरातसुद्धा पाळतात."

वाध्यारांनी मान डोलावली आणि तांदळाचं ताट डॉली आंटीच्या पुढे धरलं.